कॉलेजात मराठी : प्रस्ताव लिहिण्यापूर्वी



दक्षिणेकडील एका गावातील आमच्या काही स्नेह्यांनी अलीकडे एक मसुदा आमच्याकडे पाहण्यासाठी पाठविला. तेथील शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजात बेने इस्राएल समाजाविषयी एक ऐच्छिक विषय सुरू व्हावा, अशी त्यांची खटपट चालू आहे. विभागप्रमुख बाईंनी त्यांस नकार दिला नाही. ‘रीतसर प्रस्ताव आणा, समितीपुढे ठेवू’ असे त्या म्हणाल्या. मसुदा सहा पानांचा आहे. त्यांपैकी साडेपाच पानांत नवगावचा किनारा, फुटलेले जहाज, सात जोडपी, शनिवार तेली आणि दोन हजार वर्षे निष्ठेने पाळलेला शब्बाथ यांचे वर्णन आहे. विद्यार्थी वर्गात बसून नेमके काय शिकणार, हे मात्र अखेरच्या दोन ओळींत उरकले आहे : ‘विद्यार्थ्यांस आपल्या थोर वारशाचा परिचय करून दिला जाईल.’

मसुद्यातील तळमळ खरी आहे, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु समितीस तळमळ मंजूर करता येत नाही. तिला अभ्यासक्रम मंजूर करावयाचा असतो. अशी खटपट आज एका गावी चालू आहे, उद्या दुसऱ्या गावी होईल. म्हणून या वेळचे सदर आम्ही याच विषयास दिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्यापैकी अनेकांची समजूत अशी, की कॉलेजात नवा विषय काढणे म्हणजे जेरुसलेमहून परवानगी आणणे. म्हणून पहिली धाव मंत्र्यांच्या कचेरीकडे, दुसरी नगराध्यक्षांकडे. वास्तविक १९५८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या उच्च शिक्षण परिषदेची, म्हणजे ज्यास आपण ‘मलाग’ म्हणतो तिची, मान्यता नव्या पदवीस किंवा नव्या मुख्य विषयास लागते. चालू पदवीत एखादा ऐच्छिक विषय घालावयाचा तर तो सामान्यतः कॉलेजाच्या आतच ठरतो : विभागप्रमुख, मग ‘वादत होराआ’ म्हणजे अध्यापन समिती, मग पुढील वर्षाच्या पुस्तिकेत नाव. मंत्र्यांचे पत्र फाइलीस जोडल्याने नुकसान होत नाही, पण त्या पत्राने समितीतील प्राध्यापकांचे मन वळते असा आमचा अनुभव नाही. उलट काहींच्या कपाळावर आठी उमटते.

समितीचे सदस्य दुष्ट नसतात, घाईत असतात. एका बैठकीत त्यांच्यापुढे बरेच प्रस्ताव येतात आणि पदवीचे एकंदर तास ठरलेले असतात. एक विषय आत आला की दुसऱ्या कोणत्या तरी विषयाचे विद्यार्थी कमी होतात. त्यामुळे प्रस्ताव वाचताना त्यांच्या मनात साधे, व्यवहारी प्रश्न असतात. या वर्गात कोण बसेल? जे आपण शिकवितो त्याहून यात निराळे काय? शिकविणार कोण? साडेपाच पानांच्या इतिहासात या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर नव्हते.

आता नावाविषयी. मसुद्यावर ‘भारतीय यहुद्यांचा वारसा’ असे नाव होते. नाव भारदस्त आहे, पण या नावाखाली कोचीनचे मल्याळम बोलणारे यहुदी येतात, मुंबई-कलकत्त्याचे बगदादी येतात, मणिपूर-मिझोरमहून आलेले बेने मेनाशे येतात. समितीतील कोणीही विचारील, ‘यांस किती आठवडे दिलेत?’ आणि मसुद्यात त्यांस एकही आठवडा नाही. जे शिकवावयाचे तेच नावात असावे. ‘बेने इस्राएल : भाषा, लिखाणे आणि इतिहास’ असे साधे नाव आम्ही सुचविले आहे. त्यात भाषा हा शब्द पहिला ठेवला, तो मुद्दाम. त्याचे कारण पुढे येईलच.

उद्दिष्टांच्या रकान्यापाशी आम्ही थोडे अधिक थांबणार आहोत, कारण बहुतेक प्रस्ताव येथेच अडखळतात. आपल्यापैकी ज्यांनी मुंबईस किंवा पुण्यास डी.एड., बी.एड. केले त्यांस पाठ-टाचण आठवत असेल. डाव्या बाजूस उद्दिष्ट, आणि त्यापुढे त्याचे स्पष्टीकरण : विद्यार्थी सांगतो, ओळखतो, तुलना करतो, कारण देतो. त्या वेळी ती कारकुनी वाटे, आणि पर्यवेक्षक बाई पाठीमागच्या बाकावर येऊन बसल्या नसत्या तर अनेकांनी ती लिहिलीही नसती. परंतु आज येथील कॉलेजे नेमके तेच मागतात. ‘परिचय करून दिला जाईल’ हे वाक्य शिक्षकाविषयी आहे. समितीस वाक्य हवे विद्यार्थ्याविषयी, आणि त्यातील क्रियापद असे हवे की सत्राअखेर ते तपासता येईल. ‘विद्यार्थी देवनागरीतील छापील मजकूर सावकाश मोठ्याने वाचतो.’ ‘विद्यार्थी परंपरागत कथा आणि कागदोपत्री पुरावा यांतील भेद एका उदाहरणाने दाखवितो.’ ‘विद्यार्थी बेने इस्राएल कुटुंबातील एक लेख, पत्र किंवा शिलालेख वाचून त्याचा हिब्रूत आशय देतो आणि त्याचा काळ व प्रसंग सांगतो.’ असली तीन-चार वाक्ये पुरेत. ती लिहिताना लिहिणाराच घाबरतो, कारण प्रत्येक वाक्य हे एक वचन असते आणि वर्षअखेरीस कोणी तरी ते मागावयास येते. मोठ्या शब्दांचा आडोसा माणूस घेतो तो बहुधा याच भीतीने.

वचन देण्यापूर्वी तासांचा हिशेब करावा. एका सत्रात साधारण तेरा आठवडे. आठवड्यास दोन तास, आणि कॉलेजातील तास पंचेचाळीस मिनिटांचा. म्हणजे सव्वीस तास कागदावर, घड्याळाप्रमाणे साडेएकोणीस. शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजांच्या जुन्या भाषेत हा अवघा एक वार्षिक तास झाला. त्यात पहिला आठवडा ओळखीचा, शेवटचा उजळणीचा. शिवाय या देशात सत्र ठरल्याप्रमाणे पार पडेलच अशी खात्री कोणी द्यावी? ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा त्या वर्षीची कॉलेजे डिसेंबरअखेरीस उघडली आणि सत्रे आखडती घ्यावी लागली. तेव्हा वेळ पडल्यास कोणते दोन पाठ वगळता येतील हे आपल्यापाशी आधीच ठरलेले असावे.

साडेएकोणीस घड्याळी तासांत मराठी बोलता येईल काय? नाही. तसे प्रस्तावात लिहू नये. मसुद्याच्या एका परिच्छेदात ‘विद्यार्थी मराठीत संभाषण करू लागतील’ असे होते, ते आम्ही लाल शाईने खोडले. मात्र वाचता येईल. अडखळत, बोट ठेवून, पण वाचता येईल. हिब्रू शिकलेल्या मुलास देवनागरी वाटते तितकी परकी नाही. निकुद ज्याने पाहिले आहे त्यास काना, मात्रा, वेलांटी आणि उकार म्हणजे काय हे पाच मिनिटांत समजते : अक्षर तेच, स्वराची खूण वर, खाली किंवा बाजूस. दिशा तेवढी उलटी. जोडाक्षरे त्रास देतात. ‘त’ आणि ‘थ’, ‘द’ आणि ‘ध’ यांतील भेद कानास लवकर लागत नाही, आणि ‘ण’ व ‘ळ’ यांच्यापुढे तर मोठमोठे शरण येतात. हरकत नाही, वाचनास उच्चार अगदी शुद्ध असावाच लागतो असे नाही.

प्रारंभ कोठून करावा यासंबंधी आमची एक सूचना आहे. बाराखडीच्या तक्त्याने करू नये, आडनावांनी करावा. पेणकर, दिवेकर, किहीमकर, अष्टमकर, राजपूरकर, नवगावकर, रोहेकर. पहिल्याच तासाला ‘क’ आणि ‘र’ पक्के होतात, कारण ते प्रत्येक नावाच्या शेवटी उभे आहेत. उरलेली अक्षरे गावांनी पुरवावीत. त्याच वेळी फळ्याशेजारी कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या रायगडचा, नकाशा टांगावा. अक्षरे, भूगोल आणि इतिहास एकाच दोरीत ओवले जातात, आणि समितीस पहिल्या आठवड्याचा आराखडा वाचतानाच कळते की लिहिणाऱ्यास वर्ग ठाऊक आहे.

आमच्या एका स्नेह्यांनी यावर हरकत घेतली. ते म्हणाले, ‘लिपीवर अर्धा वेळ घालविण्यापेक्षा मलिदा, मेंदी, सणवार, कीर्तन यांवर भर द्यावा, मुलांना तेच आवडते.’ आवडते हे खरे. पण मलिद्याचे ताट पाहण्यास कॉलेजात जाण्याची गरज नाही. ते देवदयेने आपल्या घरांत अजून सजते, एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे भिजतात आणि नारळ खोवला जातो. मेंदीचा समारंभ तर हल्ली दिवाणखान्यांतून मोठमोठ्या सभागृहांत गेला आहे. जे घरात आपोआप चालते त्यास कॉलेजाची मदत लागत नाही. जे घरात थांबले आहे त्यास लागते, आणि ते म्हणजे वाचणे. आजोबा वाचीत, आईस थोडे येते, नातवास अक्षर ओळखत नाही.

काही वर्षांपूर्वी एका घरी शिवा संपल्यावर खोली रिकामी करताना सहा-सात वह्या निघाल्या. वृद्ध गृहस्थांनी कीर्तनाची पदे, सिनेगॉगच्या सभेचे वृत्तांत आणि स्वतःच्या आलियाच्या पहिल्या वर्षाच्या आठवणी त्यांत लिहून ठेविल्या होत्या. मुले भली, बापावर प्रेम करणारी. पण वहीत काय आहे हे त्यांस सांगता येईना. एकाने विचारले, ‘हे हिंदी आहे का?’ त्या वह्या वाचल्या, कारण शेजारच्या एका बाईंनी त्या वेळेवर पाहिल्या. किती घरी अशी शेजारीण नसेल याचा हिशेब कोणापाशीही नाही. कॉलेजातील एका वर्गाने हे थांबेल असा आमचा दावा नाही. परंतु दरवर्षी वीस शिक्षक असे बाहेर पडले, की ज्यांस अशी वही हाती आल्यावर ‘ही मराठी आहे, हे नाव, हे गाव, हे साल’ एवढे सांगता येईल, तर निदान वही कचऱ्यात जाणार नाही. आमच्या दृष्टीने प्रस्तावाचा कणा हाच, आणि तो मोडून बाकी सजावट मंजूर झाली तर तो विजय मानू नये.

शिवाय कॉलेजाच्या दृष्टीने पाहता हेच आपले बळकट स्थान आहे. ‘तुमच्या विषयात निराळे काय?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या छापील लिखाणांत आहे. १८३२ साली स्कॉटिश पाद्री डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रू व्याकरणाचे पुस्तक मराठीतून छापले. हेतू त्यांचा मिशनरी होता, हे लपविण्याचे कारण नाही. वर्गात ती चर्चाही व्हावी. पण परिणाम असा झाला, की आपल्या पूर्वजांस तोरेची भाषा व्याकरणाने शिकण्याचा मार्ग मराठीतून खुला झाला. १८४६ मध्ये मुंबईस मराठी भाषांतरासह हगादा शिळाप्रेसवर निघाली. १८७४ मध्ये पुण्यास दुसरी निघाली. तिच्यातील एका चित्रात लुगडी नेसलेल्या बायका बसून मत्झा करीत आहेत. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळून हिब्रू प्रार्थनांची भाषांतरे मराठीत केली, आणि ते मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही होते. म्हणजे त्या शतकात मराठी हा पूल होता आणि पलीकडचा किनारा हिब्रू होता. आजच्या विद्यार्थ्यापाशी हिब्रू आहे. त्यास त्याच पुलावरून उलट दिशेने जावयाचे आहे. त्याच हगादेचे तेच पान त्याच्यापुढे ठेवावे. हिब्रू बाजू त्यास पाठ आहे, म्हणून मराठी बाजू तो ताडून वाचू शकतो. भाषाशिक्षणाच्या कोणत्याही तज्ज्ञास ही गोष्ट पटेल, आणि अध्यापन समितीत असा एक तज्ज्ञ बहुधा असतोच.

येथे एक कंसातील गोष्ट. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा मसुद्यात दोनदा उल्लेख आहे. आम्हांसही आनंद झाला. एकदा पुरे.

इतिहासाच्या भागाविषयी आमच्या स्नेह्यांत दोन ठिकाणी मतभेद झाले, आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत.

पहिला, नवगावच्या कथेविषयी. तिला ‘इतिहास’ म्हणावे की ‘परंपरा’? घरी सांगताना हा प्रश्न उद्भवत नाही. पण प्रस्तावात ‘इ. स. पूर्व १७५ मध्ये आपले पूर्वज नवगाव येथे उतरले’ असे ठाम वाक्य लिहिले तर पहिलाच इतिहासाचा प्राध्यापक पुरावा मागेल, आणि तो देता यावयाचा नाही. आपल्या हईम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ मध्ये आपला ग्रंथ पुरा केला आणि तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. त्यांनी कथा कशी मांडली, त्यांनी कोणती कारणे दिली, पुढच्या अभ्यासकांनी कोठे शंका घेतली, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनात आपल्या समाजात मध्यपूर्वेतील यहुदी व भारतीय या दोन्ही पूर्वजांच्या खुणा आढळल्या तेव्हा त्या कथेकडे कसे पाहावे, असे शिकविले तर कथेचा मान कमी होत नाही. उलट भावी शिक्षकास पुरावा तोलण्याचा एक उत्तम पाठ मिळतो. सणांच्या जुन्या नावांचेही तसेच. नव्याचा सण, दारफळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा : ही नावे म्हणजे पुस्तकांवाचून पाळलेल्या धर्माचे दस्तऐवजच आहेत, आणि एका तासात जेवढी चर्चा त्यांवर होते तेवढी सनावळीवर होत नाही.

दुसरा मतभेद अधिक नाजूक होता. १९५१-५२ मध्ये आपल्यातील काही कुटुंबांनी येथील वागणुकीविरुद्ध धरणे धरले आणि त्यांपैकी काही भारतात परतली, पुढे पुन्हा आली. १९६२ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने विवाहापूर्वी आपल्या वंशाची चौकशी करण्याच्या सूचना काढल्या. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमात आपले लोक धरणे धरून बसले, क्नेसेटने ऑगस्टमध्ये आपल्या बाजूने भूमिका घेतली आणि त्या सूचना मागे घेतल्या गेल्या. हे सारे विषयात असावे की नाही? दोघांनी म्हटले, ‘नको. कॉलेज धार्मिक वळणाचे आहे, समिती बिचकेल. जुन्या जखमा कशास उकराव्यात?’ आमचे मत स्पष्ट आहे. असावे, दोन पूर्ण पाठ असावेत. दिमोना, बीरशेबा, लोद, रामले, अश्दोद येथील शाळांत शिकविणाऱ्या शिक्षकास आपल्यापुढे बसलेल्या मुलाच्या आजीने काय सोसले हे ठाऊक असू नये, हे आम्हांस समजत नाही. परंतु लिहावे कसे, तर तक्रारीच्या भाषेत नाही. त्या काळची सरकारी निवेदने, रब्बी मंडळाचा पक्ष, आपल्या समाजाची पत्रके आणि वर्तमानपत्रांतील वृत्ते समोरासमोर ठेवून वाचावयाची, आणि विद्यार्थ्याने स्वतः मत बनवावयाचे, असे आठवड्याच्या आराखड्यात नमूद करावे. असा पाठ कोणत्याही प्रामाणिक समितीस नाकारणे जड जाते. आणि एखाद्या समितीने केवळ याच कारणाने नाकारलाच, तर ते नकारपत्र जपून ठेवावे. पुढील वर्गात तेही वाचावयास होईल.

कोण बसेल, या प्रश्नावर मसुदा म्हणतो, ‘आपल्या समाजाची मुले.’ हे उत्तर पुरेसे नाही, आणि आमच्या मते योग्यही नाही. एका कॉलेजात आपली मुले किती असणार, आणि असली तरी तीच हा विषय घेतील कशावरून? मोरोक्कोच्या, रशियाच्या, इथिओपियाच्या घरांतील मुलीस हा वर्ग का उपयोगी पडावा हे लिहिले पाहिजे. तिला उद्या ज्या वर्गावर उभे राहावयाचे आहे तेथे निरनिराळ्या देशांतून आलेल्या घरांची मुले असतील. एका समाजाची कागदपत्रे कशी वाचावीत हे ती येथे शिकली, तर तीच रीत ती आपल्या आजीच्या कागदांस लावील. कवी एरेझ बिटोन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये सेफार्दी व पूर्वेकडील यहुद्यांच्या वारशास शिक्षणात अधिक स्थान मिळावे असा अहवाल दिला. त्याचा आधार एका वाक्यात घ्यावा, पण त्यावर सारा भार टाकू नये.

आता सर्वांत अवघड जागा : शिकविणार कोण? मसुद्यात एका वयोवृद्ध गृहस्थांचे नाव आहे. त्यांस शेकडो पदे मुखोद्गत आहेत, मोडीही वाचता येते, आणि समाजात त्यांस मोठा मान आहे. कॉलेज त्यांची नेमणूक करू शकणार नाही. पदवी शिकविणाऱ्याची पात्रता ठरलेली असते. किमान दुसरी पदवी, आणि बहुतेक ठिकाणी डॉक्टरेट विचारतात. हे अन्यायाचे वाटते, आणि थोडेसे आहेही. परंतु त्यावर समितीशी वाद घालून निष्पन्न काही होत नाही. आमची सूचना अशी, की आपल्या समाजातील किंवा बाहेरील, इतिहास अथवा भाषाशास्त्रात पदवी असलेल्या एखाद्या तरुण अध्यापिकेचे नाव जबाबदार म्हणून द्यावे, आणि त्या गृहस्थांस तीन पाठांसाठी पाहुणे अध्यापक म्हणून, मानधनासह, आराखड्यात नावानिशी घालावे. ‘मानधनासह’ हा शब्द गाळू नये. आपली माणसे संकोचाने फुकट येतात, आणि फुकट आलेल्या माणसाचा तास पहिल्या अडचणीला रद्द होतो.

ज्या समाजात एकाकडे पदवी आहे आणि दुसऱ्याकडे ज्ञान आहे तेथे दोघांस एका वर्गात उभे करण्याची वेळ फार थोडी उरली आहे. हज्जनकाका आज ऐंशीच्या पुढे आहेत. तरुण अध्यापिकेने त्यांच्याकडून मोडी शिकावयाची असेल तर प्रस्ताव मंजूर होण्याची वाट पाहत बसू नये. येत्या रविवारीच चहास जावे.

वाचनाची यादी देताना आणखी एक अडचण येते. आपल्याविषयीचे चांगले ग्रंथ बहुतेक इंग्रजीत आहेत : किहीमकरांचा आहे, शिफ्रा स्ट्रिझोवर यांचा १९७१ चा, बेंजामिन जे. इस्राएल यांचा १९८४ चा, शर्ली बेरी आयझेनबर्ग यांचा १९८८ चा. पहिल्या पदवीचा येथील विद्यार्थी दर आठवड्यास इंग्रजीची वीस पाने वाचील असे समजणे भाबडेपणाचे आहे. १९९५ मध्ये इस्रायल म्युझियमने भारतातील यहुद्यांवर प्रदर्शन भरविले आणि त्यासोबत ओर्पा स्लापाक यांनी संपादित केलेला ग्रंथ निघाला. त्याचा उपयोग होईल. परंतु खरी उणीव निराळीच आहे. लिपी शिकवावयाची तर वाचावयास सोपा, खरा, छोटा मराठी मजकूर हवा, आणि तो कोणत्याही ग्रंथालयात एका ठिकाणी जमविलेला नाही. तो आपल्या कपाटांत आहे.

म्हणून ही विनंती. आमचे स्नेही प्रस्तावास जोडण्यासाठी सुमारे तीस पानांचे एक संकलन तयार करीत आहेत. लग्नाची छापील निमंत्रणपत्रिका, ज्यावर मुंबईच्या किंवा कोकणातील सिनेगॉगचे नाव आहे, मुलाच्या ब्रिथचे किंवा निधनाचे कळविणारे पोस्टकार्ड, हगादेच्या मागच्या कोऱ्या पानावर वडिलांनी लिहिलेल्या जन्मतारखा, शाळेचा दाखला, किराण्याची यादीसुद्धा चालेल, कारण पहिल्या महिन्यातील वाचनास ‘साखर’, ‘तांदूळ’, ‘गूळ’ यांपेक्षा चांगले शब्द नाहीत. फार खासगी पत्रे पाठवू नयेत. ज्या कागदात कोणा हयात माणसाचे घरगुती प्रकरण आहे तो कपाटातच राहू द्यावा.

मूळ कागद टपालाने धाडू नये, आणि हगादेचे पान तर मुळीच फाडू नये. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, कागदाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढावा. सोबत चार ओळी लिहाव्यात : कोणी लिहिले, कोणास, कोणत्या गावी, अंदाजे कोणत्या साली. कागद वाचता येत नसेल तर तसेच लिहावे. आम्ही वाचून कळवू. ज्यांच्या घरी मोडीतील कागद असतील त्यांनी वर ‘मोडी’ अशी खूण करावी, म्हणजे ते थेट वर उल्लेखिलेल्या वृद्ध गृहस्थांकडे जातील. त्या कॉलेजाची समिती पुढील वर्षाचे ऐच्छिक विषय पेसाहपूर्वी ठरविते. तेव्हा फोटो पुरीमच्या आत पोहोचावेत. पत्ता नेहमीचाच, या पत्रिकेचा.